हातचं संपल्यावर

लग्नाचे फोटो काढणं हा माझा वीसेक वर्षांचा व्यवसाय. पुण्यातली बरीच मंगल कार्यालयं मला आतून-बाहेरून पाठ आहेत. कुठल्या हॉलमध्ये सकाळी कुठल्या खिडकीतून उजेड येतो, कुठल्या स्टेजवरच्या पिवळ्या दिव्यांनी शालूचा रंग बिघडतो, नवरीच्या खोलीतला आरसा कुठल्या भिंतीला आहे, हे मी डोळे मिटून सांगेन. अंतरपाट धरला की कुठे उभं राहायचं, कन्यादानाला गुरुजींच्या कुठल्या बाजूने ओंजळी नीट दिसतात, कानपिळीला नवरदेवाच्या चेहऱ्यावर हसू कधी फुटतं, हे आता विचार न करता होतं. व्यवसायाला ही तयारी लागतेच. मुहूर्ताच्या अक्षता एकदाच पडतात. तो क्षण हुकला तर ‘पुन्हा एकदा टाका’ असं कुणाला सांगता येत नाही.

पण तयारीची सवय होते आणि सवयीला डोळे लागत नाहीत. एका घरातल्या थोरल्या मुलीच्या लग्नाचं काम मी केलं होतं. काही वर्षांनी धाकटीचंही माझ्याकडेच आलं. अल्बम पोचवायला गेले तेव्हा त्यांच्या आईने हौसेने थोरलीचा अल्बम कपाटातून काढून शेजारी ठेवला. मेंदीचे हात त्याच कोनातून, मुंडावळ्यांच्या आडून टिपलेली नजर त्याच बाजूने, सप्तपदीची सुपारीसुद्धा फोटोच्या त्याच कोपऱ्यात. घरचे खूश होते, दोघींना सारखंच मिळालं म्हणून. परतताना माझ्या डोक्यात एकच होतं: मधल्या काळात कॅमेरा बदलला, लेन्स बदलल्या, अल्बमचा कागद बदलला. बघणं तेवढं होतं तिथेच राहिलं.

पुढच्या पाडव्यापासून मी रोज एक फोटो काढायला लागले. वर्षभर, स्वतःसाठी. कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याचे पैसेही मिळणार नव्हते. ते वर्ष संपून आता बराच काळ लोटला आहे. त्याने मला जे दिलं ते वीस वर्षांच्या कामाने दिलं नव्हतं, असं मी आज निश्चितपणे म्हणू शकते. म्हणून हे लिहिते आहे.

रोज एक फोटो ही कल्पना जुनी आहे. जेमी लिव्हिंग्स्टन नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने ३१ मार्च १९७९ ला पोलरॉइड कॅमेऱ्याने असा फोटो काढायला सुरुवात केली आणि २५ ऑक्टोबर १९९७ ला, म्हणजे त्याचा मृत्यू झाला त्या दिवसापर्यंत, हे काम चालू राहिलं. त्यात मित्र आहेत, जेवणाची टेबलं आहेत, न्यूयॉर्कचे रस्ते आहेत आणि शेवटी शेवटी आजारपण आहे. सुटे सुटे पाहिले तर त्यातले कित्येक फोटो अगदी साधे आहेत. ओळीने पाहत गेलं की त्यांचं वजन कळतं. मला एवढं मोठं काही करायचं नव्हतं. मला फक्त माझा हात मोडायचा होता, पक्का बसलेला हात.

नियम मी थोडेच केले आणि ते वर्षभर बदलले नाहीत. कॅमेऱ्याची एकच बॉडी आणि एकच लेन्स, ५० मिलिमीटरची. लग्नात माझ्या गळ्यात दोन कॅमेरे असतात, एकावर २४-७०, दुसऱ्यावर ७०-२००. जवळचं, लांबचं, सगळं त्यात भागतं. ती सोय मी काढून घेतली. दुसरा नियम, ग्राहकाच्या कामावर काढलेला फोटो या हिशेबात धरायचा नाही. तिसरा, घरापासून चालत जाता येईल तेवढ्याच परिसरात काढायचा. चौथा, रात्री झोपण्याआधी त्या दिवसाचा एकच फोटो निवडायचा आणि वहीत त्याखाली एक ओळ लिहायची. पाचवा, वर्ष पुरं होईपर्यंत इन्स्टाग्रामवर किंवा कुठेही काही टाकायचं नाही.

शेवटच्या नियमाचं कारण सांगायला हवं. लोकांना काय आवडतं हे मला व्यवसायामुळे चांगलं माहीत आहे. मावळतीचा सूर्य, सुरकुतलेला म्हातारा चेहरा, पावसात छत्रीखालची जोडी. असा फोटो टाकला की दाद मिळते आणि मिळाली की दुसऱ्या दिवशी तसलाच काढावासा वाटतो. मला माझ्याच सवयीतून सुटायचं होतं. दाद घेत बसले असते तर ती सवय आणखी घट्ट झाली असती.

पहिले दोन महिने फार सुखाचे गेले. मी पेठेत राहते, त्यामुळे चालण्याच्या अंतरावर काय नाही! १८८६ साली रे मार्केट म्हणून उघडलेली मंडई, तिचा अष्टकोनी मनोरा, उंच गाळ्यांवर बसलेले भाजीवाले, तुळशीबागेतली गर्दी, बुरूड आळीतल्या टोपल्यांच्या चळती, ओंकारेश्वराच्या मागचा नदीकाठ. रोज काहीतरी सापडायचं. उन्हाच्या तिरिपेत धूळ, दगडी पायऱ्यांवर लांब सावल्या, फुलवालीचे हात. वहीतल्या ओळीसुद्धा उत्साहाने भरलेल्या आहेत. या कामात मला आता काही अवघड नाही, असंच मला वाटत होतं.

त्या काळात मी दर महिन्याला एका ज्येष्ठ छायाचित्रकारांकडे प्रिंट घेऊन जात असे. त्यांची हयात वर्तमानपत्रात गेली, रोलच्या जमान्यात. रोलमध्ये ३६ फोटो, त्यात सकाळची सभा, दुपारची क्रिकेटची मॅच आणि रात्रीचा अपघात बसवायचा, अशी त्यांची घडण. मी त्यांना काका म्हणते. दुसऱ्या महिन्याचे प्रिंट त्यांनी टेबलावर मांडले, शांतपणे पाहिले आणि म्हणाले, “फोटो चांगलेत. पण हे सगळे तू पाडव्याच्या आधीच काढून ठेवले असतेस तरी चाललं असतं. यातलं एकही तुला त्या दिवशी दिसलेलं नाही. तुला येत होतं ते तू काढलंस.”

ते खरं होतं. मंडईत जाऊन मी लग्नाचेच फोटो काढत होते. फुलवालीचे हात म्हणजे मेंदीचे हात. तिरपं ऊन म्हणजे नवरीच्या खोलीतली खिडकी. विषय बदलला होता, बघण्याची पद्धत तीच होती.

त्यानंतरचे महिने कठीण गेले. जेवढं येत होतं तेवढं वापरून झालं होतं. त्याच गल्ल्या, तेच चौक, तेच दुकानदार. आता ते ओळखायला लागले होते. “ताई, कुठल्या पेपरात येणार?” हा प्रश्नही थांबला. ज्येष्ठात पालख्या पुण्यात आल्या. भवानी पेठेत माउलींची, नाना पेठेत तुकोबांची पालखी मुक्कामाला. दोन दिवस शहरभर फोटोच फोटो. मीही काढले. आणि पालख्या पुढे निघून गेल्यावर काय काढावं तेच सुचेना. आभाळ भरून आलेलं, ऊन नाही, सावल्या नाहीत. रात्री नऊ-साडेनऊला चपला घालून मी नुसती कोपऱ्यापर्यंत जायची, काहीतरी टिपायची आणि परत यायची. त्या दिवसांतल्या वहीत एकेक शब्दाच्या ओळी आहेत. ‘सायकल.’ ‘कुलूप.’ ‘परत सायकल.’

हा उपक्रम करणारे बहुतेक जण इथेच थांबतात, हे मी नंतर अनेकांकडून ऐकलं. त्यांना वाटतं आपली प्रतिभा आटली. माझं मत वेगळं झालं आहे. आटते ती आपली शिदोरी, इतकी वर्षं साठवलेली. ती संपणं गरजेचं असतं. ती असेपर्यंत नवीन काही करायची वेळच येत नाही. वर्षभराचा उपक्रम घ्यायचा तो यासाठीच. महिन्याभराचा घेतला तर शिदोरीवर निभावून जातं आणि आपण शिकलो असं उगीच वाटत राहतं.

काकांना सांगितलं, आता काही सुचत नाही. ते म्हणाले, “छान झालं. आता एक महिना हिंडू नकोस. एकच भिंत घे.”

आमच्या खिडकीसमोर गल्लीपलीकडे एका जुन्या वाड्याची भिंत आहे. खाली दगड, वर विटा, अर्धा गिलावा पडलेला, एक लाकडी खिडकी, वीजमीटरची पेटी, फटीत उगवलेलं पिंपळाचं रोप. त्या भिंतीकडे मी जन्मभर पाठ करून चहा प्यायले होते. आता रोज तिचाच फोटो.

पहिल्या आठवड्यात वैताग आला. मग हळूहळू भिंत बदलते हे दिसायला लागलं. पावसाने वीट आधी कडेने भिजते, मग मध्ये. भिजली की तिचा लाल गडद होतो आणि शेजारचा चुना त्यामुळे जास्त पांढरा दिसतो. ढगाळ दिवसाला उजेड नसतो असं मी समजत होते. तो असतो. सगळ्या आभाळातून सारखा उतरत असतो, म्हणून सावली पडत नाही, पण वरून खाली येताना गल्लीत तो कमी कमी होत जातो. भिंतीचा वरचा भाग आणि खालचा भाग यांत खूप फरक असतो. हे वाचून मला माहीत होतं. डोळ्यांना माहीत नव्हतं.

एका संध्याकाळी त्या लाकडी खिडकीत दिवा लागला. आभाळ अजून निळं होतं. आत बल्बचा पिवळा उजेड, बाहेर ओल्या विटांवर निळसर उजेड, आणि दोघांचं बळ अगदी सारखं. कॅमेऱ्यात आतलंही नीट दिसत होतं, बाहेरचंही. पाच मिनिटांनी पाहिलं तर भिंत काळी पडली होती आणि खिडकी एखाद्या चौकोनी दिव्यासारखी नुसती जळत होती. दुसऱ्या दिवशी मी वेळेवर उभी राहिले. सूर्य मावळल्यावर साधारण पंधरा-वीस मिनिटांनी हे दोन उजेड बरोबरीला येतात आणि थोडाच वेळ तसे राहतात. आज मी लग्नाच्या रोषणाईचे फोटो याच वेळात काढते. आधी पूर्ण अंधार पडल्यावर काढायची, कारण तेव्हा दिवे छान चमकतात असा समज होता. चमकतात खरे, पण बाकीचं कार्यालय नाहीसं होतं.

त्या भिंतीने मला सूर्याचं वर्षही शिकवलं. ती उत्तरेकडे तोंड करून आहे. वर्षातला बराच काळ तिच्यावर दुपारचं ऊन पडतच नाही. पुणे साडेअठरा अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. मे महिन्यात १३-१४ तारखेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच राहते. पुढच्या काही आठवड्यांत ढग मध्येच फाटले तर त्या उत्तरेच्या भिंतीवर ऊन घासून जातं, आणि विटेचा प्रत्येक खरबरीत कण उठून दिसतो. डिसेंबरात याच्या उलट. भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो, म्हणून हिवाळ्याच्या लग्नांत दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट हॉलच्या पोटात शिरतं. इतकी वर्षं मी ‘डिसेंबरात उजेड छान असतो’ एवढंच म्हणत आले होते. का, ते आता कळलं. कारण कळलं की नव्या कार्यालयात पाऊल टाकताच खिडकीची दिशा बघून अंदाज बांधता येतो.

श्रावणात मी पुन्हा हिंडायला लागले आणि कसबा पेठेतल्या तांबट आळीत जाऊ लागले. तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची ही जुनी आळी. दुरूनच ठोके ऐकू येतात. पहिले काही दिवस मी दारात उभी राहून, पटकन फोटो काढून निघायची. एक दिवस आतले कारागीर हातोडी थांबवून म्हणाले, “ताई, रोज येता आणि उभ्याच राहता. बसा की जरा.” मी बसले. त्या दिवशी त्यांचा फोटो काढलाच नाही, चहा घेतला. त्या दिवसाचा फोटो परतीच्या वाटेवरच्या एका बंद दाराचा आहे.

बसल्यावर जे दिसलं ते दारातून दिसत नव्हतं. भांडं लोखंडी दांड्यावर चढवलेलं. डावा हात ते किंचित किंचित फिरवतो, उजवा हात हातोडी मारतो. ठोका पडला की पत्र्यावर एक बारीक टिकली उमटते, तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी, ओळच्या ओळ. या कामाला मठारकाम म्हणतात. ठोक्यांनी तांबं कडक होतं, आणि प्रत्येक टिकली म्हणजे एक छोटा आरसाच बनतो. दारातून येणारा उजेड त्या सगळ्या टिकल्यांत वेगवेगळा दिसतो. भांडं बोटभर फिरलं की आधीच्या टिकल्या विझतात आणि पुढच्या पेटतात.

याचा फोटो काढणं सोपं नव्हतं. खोली अंधारी, दार उजळ, तांबं चमकणारं. कॅमेऱ्याच्या हिशेबावर सोडलं तर तो अंधार उजळायला जातो आणि तांब्यावरचा उजेड पांढरा फटक होतो. म्हणून एक्स्पोजर दीड स्टॉप खाली आणलं, खोली काळीच राहू दिली. मग शटरचा प्रश्न. १/५०० सेकंदाला हातोडी हवेत थिजते. फोटो स्वच्छ येतो, पण ती मारलेली वाटत नाही, धरून ठेवलेली वाटते. १/३० सेकंदाला हातोडी पुसट होते, आणि भांडं मात्र स्थिर राहतं, कारण ठोका पडण्याच्या क्षणी डावा हात थांबलेला असतो. हा थांबा मला बसून ऐकल्यावर कळला. ठोक्यांच्या मधे हात फिरतो, ठोक्याला थांबतो. मी डोळ्याने क्षण पकडायचा प्रयत्न करत होते. तो कानाने पकडायचा होता. लय पाठ झाल्यावर एका सकाळी हवा तो फोटो आला: काळी खोली, पुसट हातोडी आणि पेटलेल्या टिकल्यांची एक वक्र ओळ.

तो प्रिंट मी त्या कारागिरांना नेऊन दिला. त्यांनी चेहरा कुठे आहे असं विचारलंच नाही. ओळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “ही ओळ बरोबर गेलीय.” माझ्या कामाला मिळालेली सर्वांत मोठी पावती मी हीच मानते. तेव्हापासून ज्यांचा फोटो काढला त्यांना प्रिंट द्यायचाच, हा सहावा नियम झाला. चार बाय सहाच्या प्रिंटला फार पैसे पडत नाहीत. माणूस मात्र कायमचा जोडला जातो.

एका लेन्सबद्दलही सांगते. झूम असली की मी जागेवर उभी राहून चौकट लहान-मोठी करत असे. ५० मिलिमीटरला तसं करता येत नाही. पुढे जा, मागे ये, खाली बस, जिना चढ. आणि जागा बदलली की पुढची वस्तू आणि मागची वस्तू यांचं नातं बदलतं. दोन पावलं पुढे टाकली की समोरचा माणूस मोठा होतो आणि मागची इमारत जवळपास तेवढीच राहते. झूम फिरवून हे होत नाही, दोन्ही सारख्याच प्रमाणात मोठे होतात. पुस्तकात हे पहिल्या प्रकरणात असतं. पण पाय दुखेपर्यंत रोज केल्यावरच ते अंगात मुरतं. आता लग्नात झूम वापरतानासुद्धा आधी माझे पाय हलतात.

तुळशीचं लग्न झालं आणि सीझन सुरू झाला. पहाटे पाचला बाहेर पडायचं, रात्री बाराला परत. ग्राहकाचा फोटो धरायचा नाही हा नियम आता खरा बोचायला लागला. एका रात्री रिसेप्शन संपलं, कॅमेरे बॅगेत गेले, आणि आठवलं की आजचा फोटो राहिला आहे. कार्यालय घराजवळचंच होतं. ५० मिलिमीटर लावून मी परत हॉलमध्ये गेले. मांडववाले गालिचा गुंडाळत होते. मागच्या अंगणात मोठी पातेली घासली जात होती. स्टेजवरच्या दोन सिंहासनांपैकी एक उचलून नेलं होतं. आणि भटारखान्याच्या दारात नवरीचे वडील, फेटा काखेत धरून, केटररशी ताटांचा हिशेब करत उभे होते. मुलगी तासाभरापूर्वी सासरी गेली होती. हिशेब करताना ते मधेच थांबायचे, हॉलकडे बघायचे, परत आकड्यांवर यायचे.

मी त्यांना विचारून फोटो काढला. ते म्हणाले, “आता कसला फोटो, आता संपलं सगळं.” तो फोटो त्या दिवसाचा म्हणून वहीत गेला. अल्बमसोबत मी त्याचा एक प्रिंट पाकिटात घालून घरच्यांना दिला. नवरीच्या आईने अल्बम भराभर चाळला आणि त्या एका प्रिंटवर थांबल्या. “हे असे उभे होते? मला माहीतच नाही,” एवढंच बोलल्या.

इतक्या वर्षांत पाठवणी झाली की माझं काम संपायचं. पाठवणीनंतरही लग्न चालू असतं, हे मला त्या वर्षाने दाखवलं. आता मी कामाच्या बोलणीतच सांगते की शेवटचा अर्धा तास मी थांबेन. त्याचे वेगळे पैसे घेत नाही. अल्बमची शेवटची दोन पानं त्या अर्ध्या तासाची असतात.

माघात मी आजारी पडले. ताप, अंथरूण, बाहेर जायची बंदी. तेव्हा योसेफ सुदेक या चेक छायाचित्रकाराची फार आठवण झाली. पहिल्या महायुद्धात त्यांचा उजवा हात गेला. एका हाताने ते जड लाकडी कॅमेरे हाताळत. १९४० ते १९५४ या काळात, ज्यात प्रागवर जर्मनांचा ताबा होता ती वर्षंही आली, त्यांनी आपल्या स्टुडिओच्या खिडकीतून फोटोंची मालिका केली. दंव साचलेली काच, बाहेरचं वाकडं झाड, खिडकीत ठेवलेला पेला. तेवढंच. मी पडल्या पडल्या औषधाच्या बाटलीचे, मच्छरदाणीचे, छतावर फिरणाऱ्या उजेडाच्या पट्ट्याचे फोटो काढले. त्यातले दोन माझ्या वर्षातल्या चांगल्या फोटोंत मोडतात. विषय मिळत नाही ही तक्रार मी त्यानंतर केलेली नाही.

रोजच्या निवडीबद्दल सांगितलं नाही तर अर्धंच राहील. फोटो काढण्याइतकंच मला रात्रीच्या निवडीने शिकवलं. दिवसाला एकच ठेवायचा म्हटल्यावर स्वतःशी वाद घालावा लागतो. ज्या फोटोसाठी जास्त पायपीट केली, तासभर थांबले, तोच चांगला वाटतो. पण बघणाऱ्याला आपले कष्ट दिसत नाहीत, त्याला फक्त फोटो दिसतो. म्हणून मी दर रविवारी आठवड्याचे प्रिंट भिंतीला लावायची आणि पुढच्या रविवारपर्यंत येता-जाता बघायची. पहिल्या दिवशी आवडलेला फोटो गुरुवारपर्यंत फिका पडायचा, आणि कधी कोपऱ्यातला गप्प फोटो रोज थोडा जास्त दिसायला लागायचा. स्क्रीनवर हे कळत नाही. तिथे आपण पुढे सरकवत राहतो.

मधे एखादा दिवस सुटला तर काय, असं बरेच जण विचारतात. सुटला तर सुटला. दुसऱ्या दिवशी दोन काढून हिशेब पुरा करू नये. ती जागा वहीत कोरी ठेवावी आणि आजचा फोटो आज काढावा. गाणारे रोज सकाळी खर्ज लावतात. कालचा राहिला म्हणून आज दुप्पट लावला तर गळा सुधारत नाही.

वर्ष संपलं तेव्हा काकांच्या घरी जमिनीवर सगळे प्रिंट महिन्यांप्रमाणे मांडले. ते काठी टेकत त्यांच्यामधून सावकाश फिरले. एकेक उचलून बाजूला ठेवत गेले. शेवटी हातात उरलेले जेमतेम चाळीसेक असतील. त्यातले बहुतेक सगळे दुसऱ्या सहामाहीतले होते. पहिल्या दोन महिन्यांतला, ज्या महिन्यांत मी सर्वांत खूश होते, एकही नव्हता. ते म्हणाले, “आता हे कुणी काढलेत ते कळतं.” वर्षभराच्या हिशेबाला एवढे थोडे फोटो म्हणजे कमीच. पण त्यातला एकही मी पाडव्याच्या आधी काढू शकले नसते.

कुणाला हे करायचं असेल तर माझं सांगणं थोडक्यात असं. कॅमेरा महागाचा नको, मोबाइल पुरतो. फक्त त्याचं झूम वापरू नका. जागा लहान घ्या, घराजवळची. नियम चार-पाचच करा आणि मधे बदलू नका. प्रिंट काढा, अगदी छोटे काढा, पण काढा. चेहऱ्याचा फोटो विचारून काढा आणि त्या माणसाला नेऊन द्या. वर्षभर तरी कुणाच्या शाबासकीची वाट पाहू नका. ज्याला फोटोतलं कळतं आणि जो स्पष्ट बोलेल, असं एक माणूस मात्र शोधा आणि महिन्यातून एकदा त्याच्यासमोर बसा.

सुरुवातीला फोटो फार चांगले येतील. त्यांवर खूश व्हा, पण विसंबू नका. ते तुमच्याजवळ आधीपासूनच होते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात काहीच सुचेनासं होईल, रोज तीच सायकल आणि तेच कुलूप दिसेल. तेव्हा हा उपक्रम सोडू नका. तिथपर्यंतचं सगळं तयारीत जमा आहे, शिकणं तिथून पुढे सुरू होतं.